बोट आता कुठे असेल?

आमच्या शाळेच्या कुंपणावरून रस्ता दिसतो. कुवारबावकडून हातखंब्याला जाणारा. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की मुलं कुंपणावर रांगेनं बसतात आणि जाणाऱ्या गाड्या मोजतात. एसटी किती, डंपर किती, लाल गाड्या किती. मीही लहानपणी हेच करायची, त्यामुळे "उतरा रे खाली!" असं मी एकदाच म्हणते, दुसऱ्यांदा म्हणत नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी या खेळात एक नवी भर पडली. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतून लांबलचक ट्रेलर निघतात. त्यांच्यावर लोखंडी पेटी असते, चाळीस फुटी, म्हणजे आमच्या दोन वर्गखोल्या एकापुढे एक ठेवल्या तर होईल एवढी. पेटीच्या तोंडाशी घरघर करणारं यंत्र. आत गोठवलेली मासळी, उणे अठरा अंशांवर. हे कंटेनर इथून मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरात जातात आणि तिथून जहाजात चढून देशोदेशी. पेटीवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे मोठ्या अक्षरांत रंगवलेले असतात. मुलांनी ते वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली.

"बाई, प्रत्येकावर चारच अक्षरं असतात," सहावीतली एक मुलगी म्हणाली. "आणि चौथं अक्षर यूच असतं!"

मला ठाऊक नव्हतं. डी.एड.ला आम्हांला पुष्कळ काही शिकवलं, कंटेनरचा नंबर कसा वाचायचा ते नाही. घरी जाऊन शोधलं, आणि मित्रांनो, जे सापडलं त्यात माझी ती संध्याकाळ कशी गेली ते कळलं नाही. पहिली तीन अक्षरं पेटीच्या मालकाची. जगातल्या कुठल्याही दोन मालकांची ही अक्षरं सारखी नसतात. त्यांची नोंद पॅरिसच्या एका कार्यालयात होते. चौथं 'यू' म्हणजे मालवाहतुकीची पेटी. मग सहा आकडे, तो त्या पेटीचा हजेरीपटावरचा नंबर म्हणा. आणि शेवटी, बहुतेक वेळा चौकटीत, एकटा बसलेला सातवा आकडा. गंमत आहे ती या सातव्यात. तो पहारेकरी आहे. आधीची अक्षरं-आकडे कुणी चुकीचे लिहिले तर तो ओरडतो.

कसा ते पाहा. नमुना म्हणून नेहमी दिला जाणारा नंबर घेऊ: सी एस क्यू यू ३०५४३८, आणि चौकटीत ३. प्रत्येक अक्षराला एक किंमत दिलेली आहे. 'ए'ला १०, 'बी'ला १२, 'सी'ला १३, अशी पुढे. मात्र ११, २२ आणि ३३ हे आकडे गाळायचे. म्हणजे सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. आता पहिल्याला १ ने गुणा, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ४ ने, चौथ्याला ८ ने, असं दरवेळी दुप्पट करत दहाव्याला ५१२ ने. सगळ्यांची बेरीज येते ६१८५. तिला ११ ने भागा. बाकी ३. चौकटीत ३ आहेच! (बाकी १० आली तर तिथे ० लिहितात.) आता समजा, घाईत कुणी ३०५४३८ ऐवजी ३५०४३८ लिहिलं. बेरीज होते ६०२५, बाकी ८. चौकटीत तर ३ आहे. म्हणजे कुठंतरी घोळ झाला.

सातवीच्या मुलांनी आठवडाभर दुसरं काही केलं नाही. दुप्पट-दुप्पट करणं, भागाकार, बाकी, सगळं आपणहून. एरवी गुणाकार म्हटला की पोटात दुखणाऱ्या दोघांची पोटं त्या आठवड्यात अगदी ठणठणीत होती.

माझ्या मनात मात्र सारखी आमच्या माळ्यावरची ट्रंक येत होती.

लाल रंगाची ट्रंक आहे ती, पत्र्याची. माझे आजोबा मुंबईला परळला गिरणीत होते. १९५७ साली त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलं. आजोबांना रजा मिळेना, म्हणून त्यांनी लग्नाचा शालू, दोन लुगडी, नवऱ्यामुलाचं कापड असं सगळं ट्रंकेत भरलं, कुलूप लावलं आणि ट्रंक बोटीत घालून दिली. पावती आणि किल्ली रजिस्टर पोस्टाने घरी. ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं स्वतःच्या हातानं लिहिलं: नाव, मुक्काम पोस्ट शिरगाव, जिल्हा रत्नागिरी.

आमचं शिरगाव रत्नागिरी शहराला लागून आहे. पण शिरगाव आणखी एक आहे, देवगड तालुक्यात. आज तुम्ही म्हणाल, देवगड तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात. बरोबर, पण सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. तेव्हा दोन्ही शिरगावं रत्नागिरी जिल्ह्यातलीच! आजोबांनी तालुका लिहिला नव्हता.

माझे पणजोबा बैलगाडी घेऊन बंदरावर गेले. बोट आली. मुंबईची माणसं उतरली, बोजे उतरले, ट्रंक नाही. दुसऱ्या दिवशी गेले. नाही. आजी तेव्हा नवी सून होती. ती सांगायची, "मामंजी रोज सकाळी टेकाडावर जाऊन उभे राहत. धूर दिसला की धावत बंदरावर. तिथं विचारायचं कुणाला? बोटवाला म्हणे मुंबईला विचारा, मुंबईला पत्र जायला चार दिवस, यायला चार दिवस. मुहूर्त काय थांबतो होय गो?"

मुहूर्त थांबला नाही. शेजारच्या काकूंचा शालू मागून आणला आणि लग्न लागलं. पुढं पाऊस सुरू झाला आणि कोकणच्या बोटी बंद पडल्या. दरवर्षीच पडायच्या, खवळलेल्या समुद्रात बोट येणार कशी? पाऊस सरल्यावर बोटी सुरू झाल्या आणि अश्विनात एके दिवशी ट्रंक आली! देवगड बंदरावर उतरून ती तिकडच्या शिरगावात गेली होती. तिथल्या एका दुकानदारानं पावसाळाभर ती माळ्यावर ठेवली, कुलपाला हात लावला नाही आणि पहिल्या बोटीनं परत धाडली. आजीच्या नणंदेनं तो शालू नेसला तो दिवाळसणाला. डांबरगोळीचा वास जाता जाईना, म्हणे.

चूक अशी कुणा एकाची नव्हतीच. पण ट्रंकेवर एक पहारेकरी आकडा असता तर? मी हे मुलांना सांगितलं, तेव्हा एकानं विचारलं, "बाई, तेव्हा कंटेनर नव्हते का?"

होते, नुकतेच जन्मले होते! आमची ट्रंक हरवली त्याच्या आदल्याच वर्षी, २६ एप्रिल १९५६ ला, अमेरिकेत 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. ही कल्पना मॅल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकमालकाची. एकेक पोतं, एकेक पिंप हमालांनी चढवायचं, त्यापेक्षा ट्रकवरची सगळी पेटीच उचलून जहाजावर ठेवली तर? माल चढवायला टनाला जवळजवळ ६ डॉलर पडत, ते या पद्धतीनं १६ सेंटांवर आले. आपल्याकडचं न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं ते १९८९ मध्ये.

पण आमच्या किनाऱ्यावरच्या बोटींची गोष्ट याहून पुष्कळ जुनी आहे, आणि ती आता मुलांना कुणी सांगत नाही. माझ्या आजीच्या पिढीला मुंबई म्हणजे बोट. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, अशी बंदरं घेत ती पणजीपर्यंत जायची. बोट आत खोल पाण्यात नांगर टाकायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. पडाव म्हणजे मोठी होडी. लाटेबरोबर पडाव वर-खाली व्हायचा आणि नेमक्या क्षणी उडी मारायची. म्हाताऱ्या माणसांना, पोरांना खलाशी खांद्यावर घेत.

एकोणिसाव्या शतकात या पाण्यात शेपर्ड कंपनीच्या बोटी होत्या. त्याच कंपनीची 'वैतरणा' ही बोट कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला येताना नोव्हेंबर १८८८ मध्ये वादळात सापडली आणि शेकडो माणसांसह नाहीशी झाली. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. पुढं बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं नाव कोकणात घरोघरी झालं. स्वदेशीच्या दिवसांत आपल्या लोकांनाही वाटलं, आपली बोट का असू नये? त्यातून इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी निघाली. एवढं लांबलचक नाव कोण घेणार! लोक तिला म्हणत 'माझी आगबोट कंपनी'. मला हे नाव फार आवडतं. तिच्या बोटींची नावंही संतांची: तुकाराम, रामदास, तशीच ख्रिस्ती संतांची, सेंट अँथनी, सेंट झेवियर. तिकडे मोठ्या समुद्रात सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया कंपनी काढली. तिची 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली. म्हणूनच ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन. कोकणातली बॉम्बे स्टीमही पुढं सिंदियाच्या हाती आली.

ही झाली अभिमानाची बाजू. दुसरीही सांगायला हवी. 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी, ११ नोव्हेंबर १९२७ ला, वादळात बुडाल्या. आणि 'रामदास'! १७ जुलै १९४७, स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. आषाढ अमावास्येचा दिवस. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' मुंबईपासून थोड्याच अंतरावर काशाच्या खडकाजवळ कलंडली. सुमारे सातशे माणसं होती. सहाशेंहून जास्त गेली. आणि मुंबईत कुणाला पत्ताच नाही! बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं. पोहून, लाकडाला धरून काही जण काठाला लागले, काहींना रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं, तेव्हा कुठं बातमी कळली, आणि तोवर दुपार उलटून गेली होती. तिकडे रेवसला माणसं बोटीची वाट पाहत होती.

'रामदास'ची हकीकत मी वर्गात सांगावी की नाही, यावर पुष्कळ विचार केला होता. सांगितली. आणि त्याच महिन्यात माझ्यावर पाळी आली.

झालं असं की कंटेनरच्या नंबरांचा नाद लागल्यावर मुलांना जहाजाचाही नाद लागला. चौथीतल्या एका मुलाचे अब्बा कंटेनरच्या जहाजावर नोकरीला. (त्याचं नाव सांगत नाही, तो आता मोठा झालाय, त्याला आवडायचं नाही.) आमच्या भागात हे नवल नाही, राजिवड्यात, कर्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जाणारी घरं आहेत. फोनवर जगातली जहाजं दाखवणारा नकाशा असतो, तो मी उघडला. मोठ्या जहाजांवर २००४ पासून एक यंत्र सक्तीचं आहे. ते दर काही सेकंदांनी बोलत राहतं: मी अमुक, मी इथं आहे, माझा वेग इतका, तोंड अमुक दिशेला. जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून ते आहे, पण आपल्यालाही त्यावरून जहाज सापडतं. पेटी मात्र अशी बोलत नाही बरं का. बंदराचं दार, क्रेन, जहाज, दुसरी क्रेन, अशा प्रत्येक उंबरठ्यावर तिचा नंबर टिपला जातो, म्हणून ती सापडते.

व्हरांड्यात जगाचा नकाशा लावला होता. त्यावर लाल टाचणी टोचली, न्हावा-शेवाला. डिसेंबर २०२३ चा दुसरा आठवडा. रोज प्रार्थनेनंतर मी फोन पाहायची आणि तो मुलगा टाचणी पुढं सरकवायचा. त्याची छाती काय फुगायची! अरबी समुद्र ओलांडून टाचणी ओमानच्या सलालाजवळ आली. पुढं एडनचं आखात, तांबडा समुद्र, सुएझ कालवा, युरोप.

पण तांबड्या समुद्रात तेव्हा काय चाललं होतं ते तुमच्या आईबाबांना आठवत असेल. १९ नोव्हेंबरला येमेनच्या हूथी बंडखोरांनी एक जहाजच पळवून नेलं होतं. मग क्षेपणास्त्रं, ड्रोन. डिसेंबरच्या मध्याला मोठमोठ्या कंपन्यांनी तो रस्ता सोडला. हे सगळं मी पेपरात वाचत होते आणि तरीही टाचणीचा खेळ चालू ठेवला होता. शिकवण्याच्या भरात कधी कधी आपण बघतच नाही.

एका सकाळी फोनवर जहाज नव्हतं. आदल्या दिवशीची जागा, आणि पुढं काही नाही. मी म्हटलं, "आज नेटवर्क नाही वाटतं." दुसऱ्या दिवशीही तेच. मुलाच्या आईला फोन केला. तिलाही दोन दिवसांत निरोप नव्हता, पण ती शांत होती. मीच घाबरले होते. आणि वर माझ्या मुलांना 'रामदास' पाठ! तिसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर शंभर डोळे त्या टाचणीकडे आणि त्या मुलाकडे. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "बुडाली असेल." मला वाटलं, नकाशा भिंतीवरून काढून टाकावा. काढायला हातही घातला होता.

"नको बाई," तो म्हणाला. "दादी म्हणते, तिच्या अब्बांचं सहा-सहा महिने पत्र यायचं नाही. तोवर घरात रोज सांगायचे, आज बोट इथं असेल, आज तिथं असेल."

मग आम्ही बसलो. हिशेब सातवीच्या मुलांनी केला, मी नुसती खडू पुरवत होते. वेग तासाला १५ सागरी मैल, म्हणजे दिवसाला ३६०. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटर, तेव्हा दिवसाला साधारण ६६७ किलोमीटर. आमच्या नकाशावर १ सेंटिमीटरला २५० किलोमीटर. रोज पावणेतीन सेंटिमीटर! पण कुठल्या दिशेला? इतर जहाजं कुठं वळली ते पेपरात होतं: दक्षिणेला, आफ्रिकेला वळसा घालून. टाचणी सलालालाच ठेवली, कारण तिथवरचं खरं ठाऊक होतं. पुढं त्या मुलानं रोज पेन्सिलनं एक ठिपका काढला. सोमालियाच्या बाहेरून, खाली, मोझांबिकच्या खाडीत. त्याचं टोक दोनदा मोडलं इतका तो दाबून काढायचा.

दरम्यान मी एका ओळखीच्या दर्यावर्दी गृहस्थांना गाठलं. ते हसले. "बाई, तुमच्या फुकटच्या नकाशाला किनाऱ्यावरचे अँटेनाच ऐकू येतात. साठ-सत्तर किलोमीटरपलीकडे जहाज गेलं की ते बहिरे. उपग्रहाचं दाखवायला पैसे लागतात." किती साधी गोष्ट! दिसत नाही आणि नाही, यात केवढा फरक, आणि मी शिक्षिका असून तो मला विचारून घ्यायचं सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी मुलांना हे सांगितलं आणि माझं चुकलं होतं हेही सांगितलं.

आठव्या दिवशी पेन्सिलचा ठिपका डरबनला पोहोचला. त्याच दिवशी फोनवर जहाज दिसलं! डरबनला नव्हे, जरा अलीकडे, मोझांबिकच्या दक्षिण टोकाशी. सातवीतल्या मुलीनं बोट ठेवून मोजलं आणि ओरडली, "बोट एक बोट मागे आहे!" व्हरांडाभर असा हशा पिकला की शेजारच्या वर्गातले गुरुजी बाहेर आले. तो मुलगा हसला नाही. त्यानं सलालाची टाचणी उपटली, मोझांबिकजवळ टोचली, दोनदा दाबून पाहिली आणि मग "बाई, एक नंबरला जाऊ?" म्हणून पळाला. बराच वेळ आला नाही.

जून २०२४ मध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात त्याचे अब्बा सुट्टीवर आले होते. मुलाला सोडायला आले ते व्हरांड्यात नकाशापुढं थांबले. चपला काढून जवळ गेले. पेन्सिलच्या ठिपक्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "हा इथं चुकलाय. इथं आम्ही दीड दिवस थांबलो होतो, हुकूम येईपर्यंत. आणि इतके किनाऱ्यालगत नव्हतो, अजून बाहेरून गेलो." मग खिशातलं पेन काढलं, माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि त्यांनी ठिपक्यांच्या बाहेरून एक निळी रेघ काढली, थेट केप टाउनला वळसा घालून.

"हे ठिपके काढले कुणी?" त्यांनी विचारलं.

मुलगा खांबामागे उभा राहून दप्तराचा पट्टा चावत होता.